डोळे पिवळे, शौच पांढुरके: सोनोग्राफी लागतेच का?

प्रश्न: माझे पती यंत्रमाग कामगार आहेत, वय ५२. दहा दिवसांपासून डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरके आणि अंगाला खूप खाज. रक्ततपासणीत कावीळ आली. घरचे गावठी औषध द्या म्हणतात, डॉक्टर सोनोग्राफी सांगतात. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, सोनोग्राफी आधी करा, तीही याच आठवड्यात. पांढुरके शौच आणि खाज म्हणजे पित्त आतड्यात उतरत नसावे. पित्तनलिकेत खडा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असू शकते; त्यावर कोणताही पाला चालत नाही, उलट काही पाल्यांनी यकृतालाच इजा होते.

रिपोर्टमध्ये एकट्या बिलिरुबिनवर (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) थांबू नका. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) बहुधा शेकड्यांत, कधी हजारांत जाते. अडथळ्याच्या काविळीत अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त अडले की वाढणारे एन्झाइम) आणि डायरेक्ट बिलिरुबिन (यकृताने प्रक्रिया केलेले बिलिरुबिन) जास्त वाढते. हेपेटायटिस ए, ई, बी, सी याही तपासण्या विचारा. पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) जरूर करा: पित्ताअभावी व्हिटॅमिन के शोषले जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो.

सोनोग्राफीला ६ ते ८ तास उपाशी जावे. सकाळचा चहासुद्धा नको. खाल्ल्यावर पित्ताशय आकसते आणि खडे नीट दिसत नाहीत. साधे पाणी चालते. नलिका फुगलेली दिसली, पण कारण सापडले नाही, तर पुढे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). खडा असल्यास तो ईआरसीपीने दुर्बिणीतून काढता येतो.

थंडी वाजून ताप आला, पोटात जोरात दुखले किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.