नकार खिडकीतून येऊ दे

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

गेल्या गुरुवारी तू बारावीचे पेढे घेऊन आलीस आणि पायरीवर उभी राहूनच म्हणालीस, "कॉलेजचं यंदा राहू दे काका, पुढच्या वर्षी बघू." मी त्यावर काही बोललो नाही, त्यामुळे मला तुझे म्हणणे पटले असे तुला वाटले असेल. ते पटलेले नाही. मी गप्प बसलो, कारण जवळजवळ याच शब्दांत हेच वाक्य मी १९८१ साली माझ्या वडिलांना ऐकवले होते, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला तुझ्याकडे बघवेना.

शिक्षणाचे महत्त्व तुला समजावण्यात मी वेळ घालवणार नाही. ते तुला कळते. पहाटे वडिलांच्या सायकलच्या दुकानाबाहेरच्या दिव्याखाली तुला अभ्यास करताना गल्लीने दोन वर्षे पाहिले आहे. तुझा प्रश्न पैशाचा आहे, आणि पैशाच्या बाबतीत तू केलेली चूक मला पूर्ण ओळखीची आहे. तुला अजून कोणी नाही म्हटलेले नाही. महाविद्यालयाने, बँकेने किंवा तहसील कार्यालयाने नव्हे, तर तू स्वतःच स्वतःला नकार दिला आहेस, तोही एकही अर्ज न करता. माझे सगळे सांगणे एवढेच आहे: नकार आपण होऊन द्यायचा नाही. द्यायचाच असेल तर तो समोरच्याने द्यावा, कार्यालयाच्या खिडकीतून द्यावा, आणि शक्य असेल तर लेखी द्यावा.

तुझ्या मामांनी मोबाइलवर हिशेब करून सात लाखांचा आकडा काढला, असे तू सांगितलेस. तो कसा आला ते मी नंतर मांडून पाहिले. ज्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माहितीपत्रक तुम्ही आणले, त्याचे वर्षाचे शुल्क १,१०,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४,४०,०००. वसतिगृह आणि खाणावळ वर्षाला ६५,००० धरली तर चार वर्षांचे २,६०,०००. बेरीज बरोबर सात लाख होते. मामांची बेरीज चुकलेली नाही, पण माहितीपत्रकावरचे शुल्क आणि तुला भरावे लागणारे शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

२०२४-२५ पासून महाराष्ट्रात इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तू इतर मागास वर्गातली आहेस, आणि सायकलचे दुकान आठ लाख देत नाही हे मी वेगळे सांगायला नको. अट अशी की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झाला पाहिजे. तालुक्याच्या चौकात टेबल टाकून बसलेला जो माणूस "जागा मी मिळवून देतो" असे सांगतो, त्याच्या मार्फत व्यवस्थापन कोट्यातली, म्हणजे महाविद्यालय स्वतःच्या अखत्यारीत भरते ती जागा घेतलीस, तर ही सवलत त्याच क्षणी हातची जाते. त्या टेबलाजवळ थांबूसुद्धा नकोस.

माफीत विकास शुल्क, वसतिगृह आणि जेवण येत नाही. १,१०,००० पैकी साधारण १०,००० विकास शुल्काचे धरले, तर चार वर्षांचे ४०,००० आणि राहण्याजेवणाचे २,६०,००० असे तीन लाख उरतात. म्हणजे वर्षाला ७५,०००. ही रक्कम लहान नाही आणि मी ती लहान म्हणणारही नाही. तुझे वडील पंक्चर काढून किती मिळवतात हे मला ठाऊक आहे. पण सात लाखांसमोर माणूस नुसता उभा राहतो आणि पंचाहत्तर हजारांसमोर विचार करू लागतो. तू विचार करण्याआधीच पाठ फिरवलीस, याचा मला राग आला आहे.

आता माझे सांगतो. मी बारावी झालो तेव्हा वडील शिवणकाम करीत आणि घरात एक म्हैस होती. सोलापूरला राहून शिकायचे तर खोली, खाणावळ, पुस्तके हे सगळे मी रात्री मनातल्या मनात मोजले आणि सकाळी वडिलांना सांगून टाकले की यंदा राहू दे. त्यांनी मान हलवली. आठवड्याभरात मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजीच्या हाताखाली वह्या लिहायला लागलो. पुढे टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, मराठीची तीसची आणि इंग्रजीची चाळीसची, आणि १९८६ मध्ये एका महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटलो. तिथे पहिल्या महिन्यात माझ्याकडे जे काम आले, ते आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या सवलतीचे, म्हणजे ईबीसीचे अर्ज तपासण्याचे. एकेक अर्ज तपासताना माझ्या लक्षात आले की पाच वर्षांपूर्वी मी हाच अर्ज भरला असता, तर माझी फी माफ झाली असती. ही सवलत तेव्हा नवी नव्हती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असल्यापासून ती चालत आली होती. मी विचारलेच नव्हते.

त्याहून वाईट पुढे आहे. खूप वर्षांनी, वडील थकल्यावर, एका संध्याकाळी सहज बोलता बोलता ते म्हणाले, "तुझ्या कॉलेजसाठी मी म्हैस काढणार होतो. गिऱ्हाईकही ठरलं होतं. पण तूच नको म्हणालास." त्यांना वाटले होते की मलाच शिकायचे नाही. मला वाटले होते की मी त्यांना वाचवतो आहे. आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो आणि कोणी कोणाला विचारले नाही. तू वडिलांना विचारले आहेस का? "परवडणार नाही ना?" असे नव्हे. तो प्रश्न नाही, ते उत्तर आहे. "काय काय करता येईल?" असे विचारले आहेस का?

तू म्हणशील, मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली तर पगाराचे नऊ हजार आत्ता घरी येतील आणि भावाच्या क्लासला उपयोगी पडतील. हा विचार खोटा नाही. माझ्या अडतीच्या पगारावर माझा धाकटा भाऊ शिकला, शिक्षक झाला, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी नोकरी धरली हे चुकले, असे मी आजही म्हणत नाही. घराला त्या पैशाची गरज होती आणि ते पैसे मी आणले. चुकले ते एवढेच की दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात का, हे मी तपासले नाही. एकदा पगार घरात यायला लागला की घर त्याच्याभोवती बसते. क्लासची फी, फोनचा हप्ता, किराण्याची उधारी हे सगळे त्या नऊ हजारांवर उभे राहते आणि पुढच्या जूनमध्ये ते काढून घेण्याची हिंमत कोणालाच होत नाही. तुझे "पुढच्या वर्षी" येणार नाही. माझे सतरा वर्षांनी आले.

१९९८ साली मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालो, तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. तोवर बढतीच्या दोन याद्यांत माझ्या नावापुढे "पदवीधर नाही" असा शेरा पडलेला होता. स्पर्धा परीक्षांच्या जाहिरातीही मी वाचत असे. राज्यसेवा असो वा बँकेतील अधिकारीपद, पदवीची अट आडवी येई. पण पदवीचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी झाला. रविवारच्या संपर्क सत्रात इतिहासाच्या शिक्षकांनी एकाच घटनेवर दोन अभ्यासकांनी लिहिलेले परस्परविरोधी मजकूर आमच्यापुढे ठेवले आणि कोणावर का विश्वास ठेवाल ते लिहून आणा, असे सांगितले. तोपर्यंत छापलेले ते खरे, अशी माझी समजूत होती. त्या महिन्यापासून मी कार्यालयात आलेले शासन निर्णय स्वतः पूर्ण वाचू लागलो, वरिष्ठांनी तोंडी सांगितलेला अर्थ आणि कागदावरचा अर्थ जुळवून पाहू लागलो, आणि मला दिसले की कितीतरी मुलांना आम्ही ज्या कारणासाठी परत पाठवत होतो, ते कारण नियमात कुठेच नव्हते. शिक्षणाने दिलेली ही दृष्टी नऊ हजारांच्या नोकरीत मिळत नाही. मला ती नोकरीत मिळाली नव्हती, म्हणून मी एवढ्या ठामपणे सांगतो.

आणि तरीही माझ्या हातून चूक झाली. २००९ च्या सुमारास एक मुलगा शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन खिडकीशी आला. मी घड्याळाकडे पाहिले आणि "मुदत संपली" असे सांगितले. त्याने काही न विचारता कागद घडी घालून खिशात ठेवले. आठ दिवसांनी मुदतवाढीचे पत्र आले. मी त्याच्या वर्गात निरोप पाठवला, तेव्हा कळले की त्याने महाविद्यालय सोडले आहे. आम्ही दोन माणसे शेकडो अर्ज पाहत होतो, ही खरी अडचण होती. पण त्याला एक वाक्य जास्त बोलायला मला कोणी अडवले नव्हते. म्हणून तुला सांगतो, खिडकीतून आलेला नकारसुद्धा शेवटचा मानू नकोस. कोणत्या नियमाने, असे विचार. वरचे साहेब कोण, असे विचार. पुन्हा कधी येऊ, असे विचार. त्या मुलाने यातला एकही प्रश्न विचारला असता, तर मी उठून फाइल पाहिली असती.

मदत घेण्याची लाज वाटते, असेही तू हळूच म्हणालीस. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर सही करून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि त्या मुलांनी स्वतःच्या श्रमावर शिक्षण घेतले. "कमवा आणि शिका" ही कर्मवीरांची देणगी आज विद्यापीठांत योजना म्हणून चालते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करून महिन्याचा खर्च काही अंशी निघतो. पुण्यात विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून खेड्यांतल्या मुलामुलींना अल्प खर्चात राहायला जागा देते. या दारांशी उभे राहण्यात लाज कसली?

राहण्याजेवणासाठी इतर मागास वर्गातील विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. निकषांत बसलीस तर पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. मात्र प्रत्येक जिल्ह्यातून ठरावीक विद्यार्थीच घेतले जातात, म्हणून हे पैसे हिशेबात धरू नकोस. अर्ज मात्र नक्की कर. शिष्यवृत्तीची कोणतीही रक्कम वेळेवर येईल असे गृहीत धरायचे नाही. पहिल्या सहा महिन्यांची खाणावळ हातात असली पाहिजे.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज, पण ते सर्वांत शेवटी आणि लागेल तेवढेच. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा नियम आहे. शाखेत कोणी घराचे कागद मागितले तर हा नियम शांतपणे सांग. हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. दोन लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला वीस हजार व्याज होते, हे घरात आधी सर्वांना सांगून ठेव. सात लाखांचे कर्ज काढायला मी तुला कधीच सांगितले नसते. दीड-दोन लाखांना घाबरून चार वर्षे सोडून दे, असेही सांगणार नाही.

आणि कॅप फेरीत हवी ती जागा मिळालीच नाही, तर अनुदानित महाविद्यालयातल्या बी. एस्सी.चा विचार कर. तिथले शुल्क काही हजारांत असते. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि विद्यार्थ्यांचा मासिक पास त्याहूनही स्वस्त पडतो, त्यामुळे घरून ये-जा करून शिकता येईल. अभियांत्रिकी नाही तर काहीच नाही, हाही स्वतःला दिलेला नकारच आहे, फक्त जरा मोठ्या शब्दांतला.

मी कठोर लिहिले असेन. तुझ्या जागी मला माझाच मुलगा दिसतो असे नाही; मला सतरा वर्षांचा मी दिसतो, आणि त्याच्याशी मी कधीच नीट वागलो नाही.

आज रात्री जेवणानंतर वडिलांशी बोल. हे पत्र त्यांना वाचून दाखवलेस तरी चालेल, पण विचारायचे तूच. सोमवारी सकाळी साडेनऊला सेतू कार्यालयाच्या दारात ये. शिधापत्रिका, वडिलांचे आणि तुझे आधार कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला पिशवीत घाल. उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला) यांचे अर्ज आपण त्याच दिवशी करू. जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला पडताळून घेण्याचा प्रस्ताव अकरावीतच शाळेने पाठवला होता का, हे तुझ्या वर्गशिक्षकांना उद्याच विचार. नसेल पाठवला तर तो सर्वांत आधी करायचा. तुझे बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही तेही पाहून ये, नाहीतर शिष्यवृत्तीचा आलेला हप्ता परत जातो. वडिलांना दुकान बंद ठेवायला सांगू नकोस. त्यांची सही लागेल तेव्हा कागद घेऊन मीच दुकानात जाईन.

तुझा,
काका