.२२३, .३०८ आणि जुनी गारँड, तिन्हींसाठी एकच पावडर घ्यायची तर कोणती?

तुम्ही लिहिलंय की टेक्ससमध्ये राहता, .२२३ आणि .३०८ मापाच्या काडतुसांच्या दोन बोल्ट-अ‍ॅक्शन (दर वेळी हातानं खिट्टी ओढायच्या) रायफली आहेत, आणि सासऱ्यांनी त्यांची .३०-०६ ची एम-वन गारँड तुम्हाला दिली आहे. काडतुसं घरी भरायचा प्रेस आणि तराजू घेऊन झालाय. दुकानात पावडरच्या (काडतुसात भरायच्या दारूच्या) बाटल्यांच्या रांगेपुढे उभं राहिल्यावर मात्र काही सुचेना, म्हणून विचारताय की तिन्हींना चालेल अशी एकच कोणती घेऊ.

हॉजडन कंपनीची एच४८९५ घ्या. मी डॅलसजवळ राहतो, चौदा वर्षं स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय. माझ्या कपाटात आज पाच पावडरी आहेत, पण चार काढून टाका असं कुणी सांगितलं तर मी हीच ठेवीन. तुमच्याकडे गारँड आहे म्हणून तर आणखीच.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढे चौथी रायफल आली तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल. या पावडरींमध्ये चांगली-वाईट असा भेद फारसा नसतो, खरा फरक जळण्याच्या वेगात असतो. चुलीत तुराट्या घातल्या तर भरकन पेटून संपतात, बाभळीचा ओंडका सावकाश जळत राहतो. रायफलमध्येही तेच. पितळी केस (काडतुसाचं कवच) लहान आणि गोळी हलकी असेल तर वेगानं जळणारी पावडर लागते. केस मोठी, गोळी जड आणि नळीचं भोक त्या मानानं बारीक असेल तर सावकाश जळणारी. दाण्याचा आकार, त्यातलं भोक आणि वरचा लेप यांवर कारखान्यात हा वेग ठरवतात. .२२३ ला मध्यमपेक्षा जरा जलद पावडर मानवते, .३०८ ला बरोब्बर मध्यम, आणि .३०-०६ ला मध्यमपासून संथापर्यंत बरंच काही चालतं. या तिघींची वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तिथे ४८९५ बसते.

आता गारँड. ही रायफल नळीच्या टोकाजवळून थोडा वायू घेऊन त्याच्या जोरावर यंत्र फिरवणारा ऑपरेटिंग रॉड मागे ढकलते. पावडर संथ असली तर गोळी टोकाशी पोचते तेव्हाही मागे दाब जास्त उरलेला असतो, आणि तो सगळा त्या रॉडवर येतो. रॉड वाकतो. म्हणून .३०-०६ साठी एरवी उत्तम असलेली, ४३५० आकड्याच्या संथ पावडरींच्या वेगाची पावडर गारँडमध्ये घालायची नाही. काडतुसं भरण्याच्या चांगल्या मॅन्युअलमध्ये गारँडसाठी वेगळं पान असतं, तुम्ही .३०-०६ च्या साध्या पानावरून नव्हे, त्याच पानावरून भार (एका काडतुसात घालायच्या पावडरचं वजन) घ्या. सासऱ्यांची आठवण आहे ती, जपून वापरा.

४८९५ तिथे चपखल बसते याला इतिहास आहे. ही पावडर अमेरिकी सैन्याच्या .३०-०६ काडतुसांसाठीच बनली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारकडे तिचे ढीग उरले. कॅन्सासमधल्या ब्रूस हॉजडन यांनी तो उरलेला माल विकत घेतला, जुन्या रेल्वे वॅगनमध्ये साठवला आणि हौशी नेमबाजांना विकला. आजची कंपनी त्यातूनच उभी राहिली. हल्लीची एच४८९५ मात्र ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथे तयार होते. सिडनी-मेलबर्नकडे परवाना घेऊन हा छंद करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्याकडे हीच पावडर एआर२२०६एच या नावानं मिळते.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. एच४८९५ आणि आयएमआर या दुसऱ्या ब्रँडची आयएमआर ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. आकडा एक, भार वेगळा. एकीच्या पानावरचा आकडा दुसरीला लावायचा नाही. एच४८३१ आणि आयएमआर ४८३१ मध्ये तर फरक आणखी जाणवतो. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणाला तरी मान डोलावू नका.

एच४८९५ चा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ती कमी भारातही नीट पेटते. बहुतेक संथ पावडरी सुरुवातीच्या भाराखाली नेल्या की लहरीपणा करतात, कधी उशिरा पेटतात, कधी दाब अचानक उसळतो. या एका पावडरीबद्दल हॉजडन स्वतः सांगते की मॅन्युअलमधल्या कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. माझ्या मुलीनं .३०८ वर हात बसवला तो अशाच मंद काडतुसांवर. खांद्याला धक्का कमी, आवाज कमी, त्यामुळे तिची भीती गेली. हे बोल्ट-अ‍ॅक्शनमध्येच करा. गारँडचं यंत्र एवढ्या भारावर फिरणारच नाही. आणि ही सवलत दुसऱ्या कुठल्याही पावडरीला लागू करू नका.

तिच्या मर्यादाही सांगतो. .२२३ मध्ये ७७ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक एकक) जड गोळ्या लांबवर मारायच्या असतील तर वार्गेट ही हॉजडनचीच पावडर सरस आहे. ५५ ग्रेनच्या गोळ्या शेकड्यानं भरायच्या असतील तर एच३३५ सारखी बारीक गोल दाण्यांची पावडर मोजून टाकणाऱ्या मापातून पाण्यासारखी पडते. एच४८९५ चे दाणे काडीसारखे आहेत, पण आखूड, त्यामुळे मापात फारसे अडकत नाहीत. आयएमआर ४०६४ च्या लांब काड्या मापात कटकट आवाज करत तुटतात आणि भार कमी-जास्त होतो. तरीही एच४८९५ मिळालीच नाही तर तुमच्या तिन्ही रायफलींना चालणारी दुसरी पसंती माझ्या मते ४०६४ च, फक्त प्रत्येक भार तराजूवर तोला. पुढे ६.५ क्रीडमोर मापाची रायफल घेतलीत तर मात्र एच४३५० साठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. तिथे ४८९५ वर भागवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या, म्हणजे टेक्ससच्या, उन्हाळ्याचाही विचार करा. ऑगस्टमध्ये रेंजवर काडतुसं उन्हात तापतात, आणि काही पावडरींचा दाब तापमानाबरोबर चांगलाच चढतो. एच४८९५ आणि वार्गेट यात बऱ्याच स्थिर आहेत. तरी काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवून द्यायची नाहीत.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. एका पौंडात ७००० ग्रेन. .३०८ ला साधारण चाळीस-पंचेचाळीस ग्रेन लागतात, म्हणजे दीडशेच्या आसपास काडतुसं. .२२३ ला पंचवीसेक, म्हणजे पावणेतीनशेच्या घरात. हे आकडे फक्त खरेदीच्या अंदाजासाठी. भार ठरवताना गोळीच्या वजनाप्रमाणे ताज्या मॅन्युअलमधला सुरुवातीचा आकडा घ्या आणि तिथून थोडं थोडं चढा. आधी एक पौंड आणा, रायफलींना मानवली तर मग आठ पौंडांचा कॅन. २०२०-२१ मध्ये दुकानातल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या, तेव्हापासून मी एक कॅन कायम राखून ठेवतो. एकाच लॉटचा मोठा कॅन असला की भार पुन्हा पुन्हा जुळवावा लागत नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. रात्री फोन आला म्हणून अर्धवट काम टाकून उठलो, मापाच्या नळीत पावडर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी टेबलावर दोन बाटल्या होत्या आणि नळीतली कुठली ते आठवेना. दिसायला दोन्ही सारख्याच करड्या काड्या. अंदाज बांधायचा मोह झाला होता. शेवटी ती सगळी मागच्या हिरवळीवर पातळ पसरून टाकली. तेव्हापासून टेबलावर एका वेळी एकच बाटली असते, आणि उठताना नळी रिकामी करूनच उठतो.

पावडर तिच्या मूळ बाटलीतच ठेवा, थंड कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी. लोखंडी तिजोरीत बंद करू नका. उघड्यावर ती नुसती भडकून जळते, पण गच्च बंद जागी दाब साठतो. बाटली उघडल्यावर आंबट झोंबरा वास आला किंवा तांबूस धूळ दिसली तर ती पावडर वापरायची नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा हे तिथे करून पाहू नका. माझे मामा वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात होते. गेटवर रोज खिसे तपासायचे, विडी-काडी बाहेर ठेवून आत जायचं. माझ्या गॅरेजच्या दारावर आज जी ‘काडीपेटी बाहेर’ अशी मराठी पाटी आहे, ती त्यांचीच.

तुमच्या .२२३ च्या नळीवर ट्विस्टचा (नळीच्या आतल्या पेचाचा) आकडा कोरलेला असेल, १:७, १:९ किंवा १:१२ असा. तो कळवा, म्हणजे तिच्यासाठी कुठल्या वजनाची गोळी घ्यायची ते सांगता येईल.