शटर मध्येच परत वर जाते म्हणजे सेन्सर बिघडला असेच समजावे का?

आपण विचारले आहे की, सोसायटीच्या पार्किंगचे मोटरवर चालणारे शटर खाली येता येता परत वर जाते, जिन्यातला सेन्सरचा दिवा कोणी नसतानाही लागतो, आणि वायरमन दोन्ही सेन्सर बदलायला सांगतो आहे, तर ते बदलावेत का. माझे उत्तर असे की इतक्यात बदलू नका. सेन्सरच्या भिंगावरची धूळ, सैल स्क्रू आणि गंजलेली जोडणी आपण पाहिलीच असेल, असे धरून पुढचे लिहितो.

आमची इमारत दादरला आहे. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आमच्या शटरने हाच प्रकार सुरू केला होता. सकाळी निमूट बंद होणारे शटर संध्याकाळी हातभर उतरे आणि परत वर जाई. देखभालीचा माणूस आला, त्याने पाहिले न पाहिले आणि शटरच्या दोन खांबांवर समोरासमोर बसवलेली सेन्सरची जोडी, म्हणजे किरण सोडणारा ट्रान्समीटर आणि तो टिपणारा रिसीव्हर, गेली असे सांगून नवी बसवली. बिल ४,२०० रुपये झाले. दुसऱ्याच संध्याकाळी नव्या जोडीनेही तेच केले. तेव्हा आमच्या कोषाध्यक्षांनी सुचवले की पॅनेलमध्ये सेन्सरच्या वायरी परस्पर जोडून टाकाव्यात, म्हणजे मध्ये काही आले तरी शटरला ते कळणार नाही आणि ते मुकाट्याने बंद होईल. वॉचमनची मुलगी संध्याकाळी त्याच उंबऱ्यावर बसून अभ्यास करते, हे मी लक्षात आणून दिले. त्यावर ते सर्वांसमोर म्हणाले, "बँकेतल्या माणसाने व्हाउचर तपासावेत, मोटर नव्हे."

मग मी व्हाउचर तपासावेत तसेच तपासले. वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवली आणि शटर परत गेले की फक्त वेळ लिहायला सांगितली. नऊ दिवसांत सतरा नोंदी झाल्या. त्यांतली एकही पावणेसहाच्या आधीची किंवा साडेसहाच्या नंतरची नव्हती, आणि ज्या एका दिवशी आभाळ भरून आले होते त्या दिवसाचे पान कोरे होते. दहाव्या दिवशी सहा वाजता मी स्वतः शटरपाशी उकिडवा बसलो, तेव्हा पूर्वेच्या खांबावरच्या रिसीव्हरचा हिरवा दिवा मिणमिणत होता आणि माझ्या गुडघ्यावर ऊन पडले होते. त्या जागी ऊन मी तोवर कधीच पाहिले नव्हते. पश्चिमेची शेजारची जुनी इमारत पुनर्विकासासाठी त्याच हिवाळ्यात पाडली होती, आणि मावळतीचा सूर्य आता आमच्या कंपाउंडच्या जाळीच्या फाटकातून थेट रिसीव्हरच्या तोंडावर येत होता. ट्रान्समीटर सोडतो तो किरण इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, असतो, आणि उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असते. त्या झोतात रिसीव्हरला आपला किरण वेगळा ओळखता येत नाही आणि तो अडथळा आला असे कळवून मोकळा होतो. घरातून अगरबत्तीच्या पुड्याची गोल पुठ्ठ्याची नळी आणून तिची दोन्ही तोंडे कापली आणि ती रिसीव्हरवर टोपीसारखी बसवली. दिवा स्थिर झाला आणि शटर खालपर्यंत आले. पुढे ट्रान्समीटर व रिसीव्हर यांच्या जागांची अदलाबदल करून घेतली, कारण ट्रान्समीटरला काही पाहायचेच नसते, त्याच्या तोंडावर ऊन पडले तरी बिघडत नाही. खर्च वायरमनच्या मजुरीपुरता आला. कोषाध्यक्ष अजूनही म्हणतात की तो बिघाड आपोआपच गेला असता. शेजारची नवी इमारत आता सातव्या मजल्यापर्यंत चढली आहे आणि ऊन पुन्हा बंद झाले आहे, त्यामुळे या मुद्द्यावर त्यांना पुराव्यानिशी खोडून काढण्याची सोय मला राहिलेली नाही.

मात्र वायरी परस्पर जोडण्याचा सल्ला आपल्याला कोणीही दिला तरी मानू नका. गॅरेजच्या दाराखाली मुले चिरडून मेल्यानंतर अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या, गॅरेजचे दार चालवणाऱ्या घरगुती यंत्रांना अशा संरक्षणाची कायद्याने सक्ती झाली. तिकडे हे सेन्सरचे डोळे जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटरच्या वर बसवत नाहीत, कारण आडवे पडलेले मूलही त्यांना दिसले पाहिजे.

जिन्यातल्या दिव्याचे थोडक्यात सांगतो. आधी सेन्सरचा प्रकार ओळखा. त्याच्यासमोर साध्या काचेचा तुकडा धरून काचेपलीकडे कोणाला तरी चालायला लावा. तरीही दिवा लागला तर तो रडारचा सेन्सर आहे, आणि त्याला लाकडी दारामागे घरात वावरणारी माणसेही दिसतात. त्याची संवेदनशीलता कमी करणे हा त्यावर उपाय आहे. काचेने तो आंधळा झाला तर तो उष्णतेतला बदल टिपणारा सेन्सर आहे. अशा वेळी समोर कोणाच्या एसीचा बाहेरचा डबा गरम वारा सोडतो आहे का ते पाहा, आणि भिंगावर पाल फिरते का तेही पाहा. आमच्याकडे पालच होती, आणि दिव्यावर येणाऱ्या किड्यांसाठी ती तिथे मुक्कामाला असे. उन्हाळ्यात हवा अंगाच्या उष्णतेजवळ पोहोचली की हाच सेन्सर माणूस असूनही उशिरा जागा होतो, तोही बिघाड नव्हे.

आता राहिलेल्या गोष्टी. माझे निदान आमच्या शटरचे आहे. आपल्याकडे रिसीव्हरचा दिवा स्थिर असतानाही शटर परत जात असेल, तर दोष सेन्सरचा नसून शटरच्या वाकलेल्या पट्टीचा किंवा मोटरच्या ताकदीच्या सेटिंगचा असण्याची शक्यता अधिक. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका; तिचा ताण हात मोडण्याइतका असतो. वायरींना हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. सगळे झाल्यावर शटरच्या वाटेत चार सेंटीमीटर जाडीची फळी आडवी ठेवून शटर खाली सोडा. फळीला टेकून ते परत वर गेले नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत ते बटणावर चालवू नका.