क्वांटम की विकायची तर आधी फायबर बघ
क्वांटम की, म्हणजे एकेका फोटॉनवरून (प्रकाशकणावरून) पाठवायची गुप्त किल्ली, टेलिकॉम कंपनीला विकण्याचं तुझं प्रेझेंटेशन वाचलं. भौतिकशास्त्र चोख आहे, पण त्या कंपनीचा इंजिनिअर पहिला प्रश्न अंतराचा विचारेल. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात साध्या फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल घट होते. म्हणजे १०० किलोमीटरवर शंभरातला एकच फोटॉन पोचतो. अ‍ॅम्प्लिफायर लावून तो सिग्नल वाढवताही येत नाही. म्हणून शहरातल्या शहरातलं गिऱ्हाईक शोध. ब्रिटिश टेलिकॉम कंपनी बीटी आणि तोशिबाने २०२२ मध्ये लंडनमध्ये तेच केलं, पहिलं गिऱ्हाईक ईवाय ही सल्लागार कंपनी.

दुसरं, २०२४ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने क्वांटम संगणकापुढे टिकावीत अशी कूटलेखनाची मानकं जाहीर केली. ती सॉफ्टवेअरने बसवता येतात. मग तुझं यंत्र का घ्यायचं, याचं प्रामाणिक उत्तर तयार ठेवूनच बैठकीला जा. आणि वेगळी डार्क फायबर (वापरात नसलेली रिकामी फायबर) मागू नकोस, महाग पडते. चालू ट्रॅफिकसोबत त्याच फायबरवर चालवून दाखव.