‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेतले सगळे प्रवासी बेटावर विमान कोसळलं तेव्हाच मेले होते का?

नाही. बेटावर जे घडलं ते सगळं खरंच घडलं. सहाव्या पर्वात विमान सुखरूप लॉस एंजेलिसला उतरतं, ते समांतर जग तेवढं मृत्यूनंतरचं आहे. तिथे सगळे एकत्र भेटतात, पण मेलेले असतात आपापल्या वेळी. कुणी नायक जॅकच्या आधी, कुणी त्याच्यानंतर बऱ्याच काळाने. त्या जगातल्या चर्चमध्ये जॅकचे वडील त्याला हे स्पष्ट सांगतात. मला त्याहून पक्का पुरावा वाटतो तो चर्चबाहेरचा, विमानातला प्रवासी हर्ली आणि बेटावर आधीपासून राहणारा बेन यांचा छोटासा संवाद. दोघंही बेट सांभाळल्याच्या दिवसांबद्दल भूतकाळात बोलतात, म्हणजे जॅक गेल्यावरही ते तिथे राहिले, जगले.

मग हा गैरसमज आला कुठून? २३ मे २०१० च्या शेवटच्या भागात श्रेयनामावलीखाली किनाऱ्यावरचे निर्मनुष्य अवशेष दाखवले. ‘कुणी वाचलंच नव्हतं’ असा अर्थ अनेकांनी काढला. ती दृश्यं एबीसी वाहिनीने जोडली होती, कथेशी त्यांचा संबंध नव्हता.

वॉल्ट या लहान मुलाच्या गूढ शक्तींचं पुढे काय झालं, ही तक्रार मात्र रास्त आहे. पहिल्या पर्वात त्यावर इतका भर देऊन लेखकांनी तो धागा मालिकेत नीट पूर्ण केलाच नाही.