परदेशातून सायबर हल्ला झाला तर सरकारने काय करायला हवं?

लगेच उलटा हल्ला करा असं बरेच जण म्हणतात, मला नाही पटत, कारण केलं कोणी हेच पक्कं कळायला महिने जातात. १२ ऑक्टोबर २०२० आठवा, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची लाईट गेली, लोकल होत्या तिथेच थांबल्या, ऐन कोविडमध्ये हॉस्पिटलं जनरेटरवर. मग मार्च २०२१ मध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले सायबर घातपात असू शकतो, आणि केंद्रातले ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले नाही, माणसाची चूक. अशात उत्तर देणार कोणाला? आधी नीट तपास करा आणि जे सापडलं ते लोकांपुढे ठेवा ना!

२०१७ च्या नॉटपेट्या या कॉम्प्युटर व्हायरसचा निशाणा युक्रेन होता, पण इथे जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनलही ठप्प झालं. ब्रिटन-अमेरिकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडपणे रशियाचं नाव घेतलं, मार्चमध्ये अमेरिकेने निर्बंध लावले. उशिरा, पण पुराव्यानिशी, हाच रस्ता बरोबर वाटतो.

बाकी खरा पैसा घालायचा तो बचावावर. सायबर हल्ला झाला की सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला, ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे, तो सरकारी ऑफिसांकडूनही कडक पाळून घ्या, आणि वीज, पाणी, रेल्वेचे बॅकअप नेटपासून तोडून ठेवा.