फोटोडायोडवर (प्रकाश टिपणाऱ्या अर्धवाहक घटकावर) लिथियम फ्लोराइडचा थर देऊन औष्णिक, म्हणजे मंद गतीचे, न्यूट्रॉन मोजता येतील का? कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात मापाशी जुळवणी, कसं करायचं?

हो, येतील, पण थरातला लिथियम हा लिथियम-६ या समस्थानिकाने समृद्ध केलेला हवा; नैसर्गिक लिथियममध्ये तो जेमतेम ७.५ टक्के असतो. न्यूट्रॉन शोषला की २.०५ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा अल्फा कण आणि २.७३ एमईव्हीचा ट्रायटॉन (ट्रिटियमचं केंद्रक) सुटतो, डायोडला दिसतात ते हे कण. म्हणून डायोडची काच काढावीच लागते, नाहीतर कण तिथेच अडतात. मग डायोड ठेवलेली डबी पूर्ण काळोखी ठेवा, कारण डायोड प्रकाशही टिपतो. कॅलिब्रेशनसाठी ज्ञात फ्लक्समध्ये (न्यूट्रॉनच्या माहीत असलेल्या प्रवाहात) एकदा उघडं आणि एकदा १ मिमी कॅडमियमच्या पत्र्याआड मोजा. कॅडमियम औष्णिक न्यूट्रॉन अडवतो, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे औष्णिक न्यूट्रॉन. न्यूट्रॉन शोषताना कॅडमियम स्वतः गॅमा किरण सोडतो, त्यामुळे थ्रेशोल्ड (ज्याखालचे लहान संकेत मोजायचे नाहीत ती मर्यादा) आधी नीट बसवा. मात्र एका सपाट थराची कार्यक्षमता (येणाऱ्या न्यूट्रॉनपैकी मोजले जाणारे) चार-पाच टक्क्यांच्या आसपासच अडकते; थर जाड केला तर कण थरातच जिरतात.